उशिरा येण्याची नोकरी

रेवती हुपरीकरला उशिरा पोहोचण्याचा पगार मिळे, आणि उशीर नेमका व्हावा म्हणून तिला रोज वेळेच्या आधी पोहोचावं लागे.

आताही ती पुण्याच्या पश्चिम टोकाला, 'सोनचाफा' नावाच्या भाडेवसाहतीसमोर, उसाच्या रसाच्या गाड्यापाशी उभी होती. समोरच्या लीझिंग ऑफिसात तिची सकाळची वेळ ठरली होती आणि ती टळून चांगला अर्धा तास झाला होता. काचेआडून एक बाई दोनदा दारापर्यंत येऊन रस्त्याकडे बघून गेली. रेवतीने शांतपणे रसाचा दुसरा ग्लास मागवला.

"ताई, कुणाची वाट बघताय काय?" रसवाल्याने विचारलं.

"मैत्रिणीची," ती म्हणाली. ती खरं तर उशिराचीच वाट बघत होती, पण हे त्याला सांगून कुठं पटणार होतं!

त्या दिवसांत घर विकत घेणं साध्या नोकरदाराच्या आवाक्यात राहिलं नव्हतं. मोठ्या कंपन्या आख्ख्या वसाहती बांधून भाड्याने देत, आणि खाजगी घरमालकही आपली घरं त्यांच्याच हवाली करून मोकळे झाले होते. प्रत्येक वसाहतीच्या तोंडाशी एक लीझिंग ऑफिस असे. तिथली माणसं गिऱ्हाइकाशी कशी वागतात हे कंपन्यांना जाणून घ्यायचं असे. पण साहेब समोर उभा असताना वाईट कोण वागतं? म्हणून छुपे ग्राहक पाठवायची रीत पडली. खोटं नाव, खोटी गरज आणि खरा अहवाल. गद्रेबाईंच्या एजन्सीत असे बरेच जण होते. कुणी भांडकुदळ बनून जाई, कुणी शंकेखोर. रेवतीच्या वाट्याला उशीर आला होता.

वेळेवर आलेल्याला कुणीही पाणी विचारतं, माणूस कळतो तो उशिरा आलेल्याशी वागताना, असं तिचं ठाम मत होतं. तिने वाकडी झालेली तोंडं पाहिली होती, तिला बघून घाईघाईने मालवलेले दिवे पाहिले होते. पहिल्यापहिल्यांदा अशी उशिरा जाताना तिची छाती धडधडायची. आता सवयीने काही म्हणता काही वाटत नसे.

ग्लास ठेवून ती सावकाश रस्ता ओलांडून आत गेली. मघाचीच बाई उठून उभी राहिली. पन्नाशीची, चष्मा डोक्यावर सरकवलेला, छातीवर नाव लावलेलं: नसीम बागवान.

"या, अनघाताई. वाटेत काही अडचण आली का?" अनघा हे रेवतीचं त्या दिवसाचं खोटं नाव. एवढं विचारून बाई थांबली. तिला खरोखरच उत्तर हवं होतं.

असं रेवतीच्या बाबतीत फारसं घडत नसे. "नाही... निघायलाच उशीर झाला," ती ठरल्याप्रमाणे निगरगट्टपणे म्हणाली.

"होतं असं. पुढच्या वेळेच्या लोकांना मी घर दाखवून आले, आता तुमच्यासाठी मोकळी आहे. उन्हातून आलाय, आधी पाणी घ्या की."

घर तळमजल्यावर होतं. दारातून आत सरळ रुंद पॅसेज, डाव्या हाताला स्वयंपाकघर, पुढे त्याच अंगाला न्हाणीघर, उजवीकडे दोन खोल्या. कुठे पायरी नाही, कुठे अडनिडा कोपरा नाही. इतकी वर्षं खोट्या डोळ्यांनी घरं बघणाऱ्या रेवतीला त्या दिवशी खरी हाव सुटली. पण पाहणी केली तिथं बिऱ्हाड करायचं नाही हा एजन्सीचा नियम होता. तिने बागवानबाईंना पैकीच्या पैकी गुण दिले आणि ते घर मनातून काढून टाकायचा प्रयत्न केला.

घर हवं होतं ते आप्पांसाठी.

आप्पा म्हणजे तिचे वडील, यशवंत हुपरीकर. सगळी नोकरी त्यांनी गारगोटीच्या एस.टी. स्टँडवर वाहतूक नियंत्रक म्हणून काढली. कुठली गाडी कधी सुटेल हे सांगणारा तो खिडकीतला आवाज त्यांचा. आई गेल्यावर रेवतीने त्यांना पुण्याला आणलं, आणि इथं आल्यावर त्यांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. नजर कडांकडून मिटत येत होती. उंदरांमध्ये डोळ्यांची शीर पुन्हा वाढवून दाखवलीय, अशा बातम्या अधूनमधून येत, डॉक्टरीणबाई मात्र स्पष्ट म्हणाल्या, "गेलेलं परत येणार नाही. आहे तेही फार तर वर्षभर."

आप्पांनी रडारड केली नाही. त्यांनी मागणी ठेवली. "दिवाळीनंतर ही बिल्डिंग पाडणार म्हणतात न्हवं? मग आत्ताच दुसरं घर बघ. डोळं हाईत तवर मला ते घर पाठ करू दे. आंधळ्यानं नवं घर शिकायचं म्हंजे रोजचा कपाळमोक्ष. पण एकदा बघितलेला रस्ता मी विसरत न्हाई, तुला ठाऊक हाय."

तिला ठाऊक होतं. वर्ष सरायच्या आत घर मिळालं तर आप्पा त्यात कुणाचा हात न धरता वावरणार होते. नाहीतर उरलेलं आयुष्य "रेवू, जरा ये गं" म्हणण्यात जाणार होतं, आणि तसं जगणं त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं.

रेवतीने स्वतःच्या खऱ्या नावाने तीन वसाहतींत अर्ज केले. प्रत्येक ठिकाणी ती वेळेआधी हजर झाली, कागद चोख दिले. तिन्हीकडून तेच उत्तर आलं: आपला अर्ज आमच्या निकषांत बसत नाही. कुठला निकष, ते कुणी सांगेना. दुसरी कुणी असती तर कपाळावर हात मारून बसली असती. रेवतीचा स्वभाव चौकस, शिवाय धंदाच पारखण्याचा. तिने एजन्सीतल्या एका मैत्रिणीला तसलेच कागद देऊन, आपल्याहून कमी पगार दाखवून, त्यांतल्याच एका ऑफिसात पाठवलं. मैत्रिणीचा अर्ज चुटकीसरशी मंजूर झाला.

म्हणजे खोट कागदात नव्हती, तिच्यातच काहीतरी होती. काय ते शोधायला ती परत त्या ऑफिसांवरून फिरून आली, आणि इतके दिवस डोळ्यांसमोर असून न दिसलेली गोष्ट तिला दिसली. प्रत्येक दाराच्या चौकटीत एक बोटभर रुंद पितळी पट्टी बसवलेली होती. चौकशी केल्यावर कळलं, या यंत्राला 'उंबरा' म्हणतात. ते घडवणाऱ्यांपैकी एक, सौमित्र केळुस्कर, आता ती नोकरी सोडून इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवत होता. तिने त्याची वेळ मागून घेतली. त्याच दिवशी आप्पांना डोळे तपासायला न्यायचं होतं, म्हणून तेही बरोबर निघाले.

केळुस्कर चाळिशीचा, दाढी वाढवलेला, बोलायला मोकळा माणूस निघाला. त्याच्या प्रयोगशाळेच्या दारातही, ऑफिसांच्या यंत्रांना जोडलेली, ती पट्टी होती.

"यात रडार आहे," तो म्हणाला. "अगदी बारीक लहरींचं. त्या कपड्यांतून आरपार जातात आणि कातडीवरून परततात. माणूस दारातून येताना गुडघा किती वाकतो, टाच कशी टेकते, कंबर कुठल्या अंगाला झुकते, सगळं टिपतात. हृदयाच्या ठोक्याबरोबर छाती केसभर हलते ना, तेसुद्धा. चेहरे आणि बोटांचे ठसे साठवायला कायद्याने बंदी आली, तेव्हा कंपन्यांना चाल आठवली. चालीचं नावच कायद्यात नव्हतं. नाव बदला, केस कापा, चालखूण तीच राहते. आणि सगळी लीझिंग ऑफिसं ती एकमेकांना देतात."

"पण चालीवरून घर का नाकारतात?" रेवतीने विचारलं.

"चालीवरून तुम्ही ओळखले जाता, नाकारतात ते उशिरावरून. भेटीची वेळ ऑफिसला माहीत असते, तुम्ही कधी आलात ते उंबऱ्याला कळतं. उशीर कुणालाही होतो. पण साधा माणूस उशिरा आला की त्याची छाती धडधडत असते. लाज वाटते, धाप लागलेली असते. त्याला यंत्र माफ करतं. जो उशिरा येतो आणि ज्याच्या हृदयाला त्याचं काहीच नसतं, त्याच्यावर 'बेफिकीर' असा शेरा बसतो. असा माणूस भाडं थकवतो, घर मध्येच सोडून जातो, असं गृहीत धरलंय. या बरं, एकदा दारातून चालत या."

रेवती चालत आत आली. पडद्यावर तांबडी खूण उमटली. केळुस्करने काही वेळ आकडे चाळले आणि तिच्याकडे नवलाने बघत राहिला.

"बाई, तुम्ही नुसत्या बेफिकीर नाही, तुम्ही तर बेफिकिरांच्या मुकुटमणी आहात! शांत हृदयाने उशिरा येणारी माणसं मुळात फार थोडी सापडली होती. त्यातल्या अर्ध्याअधिक नोंदी एकट्या तुमच्या आहेत. बेफिकीर माणूस कसा चालतो हे यंत्र तुमच्याकडूनच शिकलंय. तुम्ही करता तरी काय?"

रेवतीचं तोंड उतरलं. आप्पांना तिने 'घरांच्या सर्व्हेचं काम' एवढंच सांगून ठेवलं होतं. आता ते शेजारीच खुर्चीत बसले होते, कान टवकारून. गप्प बसून भागणार नव्हतं. तिने सगळं सांगून टाकलं.

"उशिरा जायाचं पैसं मिळत्यात?" आप्पांचा विश्वासच बसेना. "आणि ते माझ्या पोरीला?" ते आधी खो खो हसले. हसता हसता त्यांचा चेहरा कसनुसा झाला, ते बघून तिला फार वाईट वाटलं. मग ते उठले. "बघू तरी कसलं यंत्र हाय ते," म्हणत दाराबाहेर गेले आणि आपल्या ठेक्यात, डबा-छत्री हातात असल्यागत, चालत आत आले.

पडद्यावर तांबडी खूण उमटली. तीच.

"हे कसं?" रेवती ओरडलीच. "आप्पा तर कधी... त्यांना कुठल्याच ऑफिसात..."

"जुळणी झाली," केळुस्कर ओशाळून म्हणाला. "हाडांची ठेवण बापाची येते, आणि चालायला पोर ज्याचं बोट धरून शिकतं त्याची ढब येते. यंत्राला तुमच्यातला फरक कळला नाही. ज्यांना ते ओळखत नाही त्यांनाही ते साम्य बघूनच शेरा देतं."

आयुष्यात एकही गाडी उशिरा न सोडलेल्या माणसावर यंत्राने उशिराचा शिक्का मारला होता. आप्पांनी चष्मा काढून पुसला. मग ते म्हणाले, "स्टँडवर चुकलेल्या गाडीमागं धावत येणारी माणसं मी जन्मभर बघितली. शिव्या नंतर द्यायच्या, आधी कशानं उशीर झाला ते इचारायचं. कुणाचं पोर तापलेलं असायचं, कुणाची म्हातारी अडून बसलेली. या यंत्रात इचारायची सोय न्हाई व्हय?"

"नाही," केळुस्कर म्हणाला.

"माझ्यासारखं चालणारे असे किती असतील?" रेवतीने विचारलं.

"हजारो. हळू, ठाम पावलं टाकणारे सगळे. आता एकच उपाय आहे. ते उशीर मुद्दाम केलेले होते असं तुम्ही कंपन्यांना लेखी कळवलंत तर तुमच्या नोंदी काढून टाकाव्या लागतील. आणि त्या काढल्या की त्या शेऱ्याला आधारच उरत नाही."

लेखी कळवणं म्हणजे आपण छुपी ग्राहक आहोत हे जगजाहीर करणं. गद्रेबाई वाईट नव्हत्या. त्यांनी रेवतीला समोर बसवून चहा पाजला आणि सरळ सांगितलं, "तुला थांबवणार नाही, पण उद्यापासून तू माझ्या कामाची नाहीस. तू दारात पाऊल टाकलंस की सगळं ऑफिस सावध होईल. इतक्या वर्षांचं तुझं कसब पाण्यात जाईल गं. सहा महिने दम धर, मी काहीतरी मार्ग काढते."

रेवतीला ते काम मनापासून आवडत होतं. पण सहा महिन्यांनी आप्पांच्या डोळ्यांत काय शिल्लक राहणार होतं? आणि ज्यांना ती ओळखतही नव्हती अशी माणसं तिच्यापायी दारोदार नकार ऐकत होती, हा विचार तिला जेवू देत नव्हता. तिने कळवून टाकलं. नोकरी गेली ती गेलीच. नोंदी तपासून काढायला मात्र काही आठवडे लागतील, असं उत्तर आलं. डोळे आठवडे मोजत थांबत नसतात.

आता एजन्सीचा नियम तिला लागू नव्हता. ती आप्पांना घेऊन 'सोनचाफा'त गेली. बागवानबाईंनी तिला पाहिलं मात्र, चष्मा डोक्यावरून नाकावर आला. "अनघाताई ना तुम्ही?"

"मी रेवती. अनघा कुणीच नाही. मी तुमची परीक्षा घ्यायला आले होते." आणि तिने घडलं ते सांगितलं.

"अस्सं!" बागवानबाई म्हणाल्या. "तरीच म्हटलं, एवढ्या उशिरा येऊन ही बाई नळ उघडूनही बघत नाही. ज्याला राहायचं असतं तो आधी नळ बघतो." त्यांनी पडद्यावरची तांबडी खूण पाहिली आणि खुर्ची आप्पांकडे वळवली. "काका, तुमची अडचण काय आहे, तुम्ही सांगा."

आप्पांनी आपली अडचण सांगितली. बाईंनी मध्ये एकदाही तोडलं नाही.

"यंत्राने नाही म्हटल्यावर घर द्यायचा अधिकार मला नाही," त्या म्हणाल्या. "पण घर दाखवायला यंत्र अडवत नाही. ज्याला बघायचंय त्याला दाखवायचं, कितीही वेळा, असा आमच्या कंपनीचाच नियम आहे. तुम्ही रोज या की. तुमचं घर व्हायच्या आधी पाठ करून ठेवा."

आप्पा रोज जाऊ लागले. खरीखुरी गिऱ्हाइकं नसतील तेव्हा बागवानबाई त्यांना कुलूप काढून देत. पावलं मोजणं आप्पांना पसंत नव्हतं. पाऊल आजारपणात लहान होतं, म्हणायचे. त्यांनी घराची गाडी लावली. दार म्हणजे डेपो. मग डाव्या अंगाला स्वयंपाकघर फाटा. पुढं त्याच अंगाला न्हाणीघर, विनंती थांबा. उजवीकडे रेवूची खोली, आणि शेवटी त्यांची स्वतःची, गाडी पुढे जाणार नाही. डोळे मिटून हाताने भिंत चाचपत ते मोठ्याने थांबे पुकारत, चुकले की परत डेपोत येत. एकदा घर बघायला आलेलं जोडपं दारातच थबकलं. नवऱ्याला वाटलं घर झपाटलेलं आहे. बायको मात्र आप्पांच्या मागोमाग जाऊन न्हाणीघरापाशी उतरली, आणि आप्पांनी तिला सुट्टे पैसे मागितले.

गंमत अशी की ते घर त्याच जोडप्याला फार आवडलं. त्यांचे कागद चोख होते, उंबऱ्याची त्यांच्यावर हिरवी खूण होती. बागवानबाईंनी चार दिवस टाळाटाळ केली, पण त्याहून जास्त त्यांच्या हातात नव्हतं. घर गेलं.

रेवती त्या संध्याकाळी आप्पांसमोर बसून ढसाढसा रडली. आप्पांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला.

नंतर नोंदी काढून टाकल्याचं कळलं. तो शेराच सगळीकडून रद्द झाला. इतकंच नव्हे, रेवतीच्या चालीवर आता 'परीक्षक' अशी खूण बसली होती, आणि आप्पांचा फरक यंत्राला अजूनही कळत नव्हता. त्यामुळे आप्पा कुठल्याही ऑफिसात शिरले की माणसं ताडकन उठून नारळपाणी आणू लागली. "शेवटी मानाची वेळ आली म्हणायची," ते म्हणाले. पण तोवर त्यांच्या डोळ्यांपुढे उजेडाचा रुपयाएवढा गोल तेवढा उरला होता. नवं घर पाठ करायचे दिवस संपले होते.

बागवानबाईंचा फोन आला. "ताई, समोरचंच घर रिकामं झालंय. पॅसेज समोरासमोर, मोजमाप तेच. फक्त..." त्या अडखळल्या. "आरशातल्यासारखं आहे हो. सगळं उलट्या हाताला."

किल्ली हातात पडली त्या सकाळी रेवती आप्पांना घेऊन दारात उभी राहिली. आत पाहिलं आणि तिचा धीर सुटला. स्वयंपाकघर उजवीकडे. न्हाणीघर उजवीकडे. खोल्या डावीकडे. आप्पांनी जिवाच्या आकांताने शिकलेलं सगळं आता त्यांना चुकवणार, पाडणार होतं.

"आप्पा, सगळं उलटं आहे हो. माझ्यामुळे उशीर झाला. तेव्हाच मिळालं असतं तर..."

आप्पांनी चौकटीवर हात ठेवला. मान किंचित कलती करून ते ओठांत थांबे पुटपुटू लागले.

"रेवू," ते म्हणाले, "गारगोटीची गाडी कोल्हापूरला गेली की परत येती न्हवं?"

"हो."

"मग येताना डावीकडची गावं कुठल्या अंगाला लागत्यात?"

"उजव्या."

"ड्रायव्हरनं कधी त्याच्यासाठी गाडी ठोकलीय काय? हितं परतीची फेरी हाय, एवढंच ध्यानात ठेवायचं." आणि तिचा हात सोडून ते आत निघाले, उजव्या हाताची बोटं भिंतीवरून सरकवत. पॅसेजमध्ये मध्येच एकदा चुकून डावीकडे वळले, भिंतीला लागले, "हं, ही जातानाची सवय," म्हणून परत मधोमध आले. रेवती धावली, पण त्यांनी न बघताच हात वर करून तिला जागच्या जागी थांबवलं. चौकट बोटांना लागली तेव्हा ते थांबले. आत वाकून त्यांनी ओटा चाचपला, नळ शोधला आणि सोडला. पाणी आलं.

"स्वयंपाकघर फाटा," आप्पा म्हणाले. "आता चहा टाक बघू. पुढचं मी एकटा जातो."